सीपीके करू की मायोसायटिस पॅनल?

जिना चढताना मांड्या साथ देत नाहीत, केस विंचरताना हात वर राहत नाही, तर आधी सीपीके करा (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या एन्झाइमची तपासणी), स्वस्त आहे आणि रिपोर्ट लगेच येतो. पण तो जिमने वाढतो, थायरॉइडने वाढतो, स्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनीही वाढतो, कारण काही सांगत नाही.

मायोसायटिस म्हणजे स्नायूंचा दाह, आणि पॅनल म्हणजे त्याच्या वेगवेगळ्या अँटिबॉडी शोधणारी रक्ततपासणी. पॅनल महाग आहे पण खरी माहिती तिथेच, त्यात ‘जो-१’ ही अँटिबॉडी आली तर फुफ्फुसं तपासायची, टीआयएफ-१ गॅमा ही अँटिबॉडी आली तर मोठ्या माणसांत कॅन्सर शोधायचा. आणि एमडीए-५ ही अँटिबॉडी असेल तेव्हा तर सीपीके चक्क नॉर्मल असू शकतो नि फुफ्फुसं मात्र झपाट्याने बिघडू शकतात, म्हणून पुरळ आणि दम दोन्ही असेल तर नॉर्मल सीपीके बघून घरी बसू नका प्लीज. पॅनलमधली फिकट पट्टी (म्हणजे कमजोर पॉझिटिव्ह) कधीकधी खोटी निघते, ती डॉक्टरांनाच वाचू द्या.

उपचार चालू झाल्यावर मात्र बहुतेकांना परत सीपीकेच कामाला येतो.