मंडळाच्या स्वयंसेवकांसाठी घेतलेलं 'क्रेस' प्रशिक्षण: जरूर घ्या

आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. ६ मे २०२३ ला ॲलनच्या आउटलेट मॉलमध्ये गोळीबार झाला, आठ जण गेले. आमच्यापैकी बहुतेकांनी तिथे कधी ना कधी खरेदी केलेली. तेव्हापासून गणेशोत्सवाच्या बैठकीत सुरक्षेचा विषय निघायचा आणि प्रसादाच्या यादीपर्यंत येऊन मागे पडायचा. यंदा मी हट्टाने गावच्या पोलिसांना बोलावलं.

गोळीबारात सामान्य माणसाने काय करायचं ते शिकवणारा 'क्रेस' हा अभ्यासक्रम टेक्सास स्टेट युनिव्हर्सिटीच्या 'अलर्ट' केंद्राचा. दोन अधिकारी आले, दोन तास शिकवलं, एक पैसा घेतला नाही.

सूत्र असं: आधी तिथून निघा. निघता येत नसेल तर दार अडवा. तेही जमलं नाही तर हाताला लागेल ते घेऊन लढा. पण मला सगळ्यात पटलं ते वेगळंच. पहिले काही क्षण माणूस मानायलाच तयार नसतो, फटाके असतील म्हणतो. हे ऐकताच मागच्या रांगेतल्या काकू उभ्या राहिल्या. २६ नोव्हेंबर २००८ ला त्या सीएसटीजवळ राहायच्या. त्याच दिवशी कटकला भारताने इंग्लंडला हरवलेलं. काकू विजयाचे फटाके समजून गॅलरीत आल्या होत्या. हॉलमध्ये कुणी बोलेना.

मग अधिकाऱ्यांनी आम्हाला हॉलभर फिरवलं. स्वयंपाकघरातून पार्किंगमध्ये उघडणारं दार दाखवलं. डावीकडचं आपत्कालीन दार कुठे आहे, असं विचारल्यावर माझ्या पोटात गोळा आला. दरवर्षी आम्ही मखर तिथेच उभारतो. पडद्यामागे ते दार आहे हे आमच्या निम्म्या लोकांना माहीतच नव्हतं.

शेवटी टूर्निके, म्हणजे रक्तस्राव थांबवायला आवळायचा दांडीवाला पट्टा, बांधायला शिकवलं. हातापायाच्या जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांध्यावर नाही. पट्टा घट्ट ओढायचा, रक्त थांबेपर्यंत दांडी पिळायची, वेळ लिहून ठेवायची. माझ्या मांडीवर बांधला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. दुखणारच, दुखतंय म्हणून सैल करू नका, असं त्यांनी बजावलं. मात्र चाळीस जणांत टूर्निके दोनच, त्यामुळे निम्म्यांनी नुसतं पाहिलं. आणि गोळ्यांच्या आवाजाची फीत आधी न सांगता लावली, ते मला मुळीच आवडलं नाही. काकूंचे हात बराच वेळ थरथरत होते.

सगळं इंग्रजीत होतं, म्हणून सासूबाईंना मी शेजारी बसून सांगत होते. पोलीस आत आले की हात रिकामे ठेवून वर करायचे, त्यांच्याकडे धावायचं नाही. सासूबाईंनी विचारलं, "जपमाळ असली तर?" म्हटलं, "तीही खाली टाकायची, आई." घरी आल्यावर त्यांनी दोनदा करून पाहिलं.

पुढच्या सत्रासाठी मी मराठी पत्रक लिहायला घेतलंय, सहा टूर्निके मागवलेत. मखर यंदा समोरच्या भिंतीला.