40 सेंटच्या पोलीस रिपोर्टसाठी माझे 210 डॉलर गेले

चार पानांचा पोलीस रिपोर्ट हवा होता. पानाला 10 सेंट, म्हणजे 40 सेंट. माझे गेले 210 डॉलर 74 सेंट, आणि आईच्या तिकिटाची तारीख बदलायला 275 डॉलर वेगळे. नवऱ्यालासुद्धा पूर्ण आकडा मी जुलैत सांगितला. हे लिहायची लाज वाटते. पण परवा आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर एकीनं विचारलं, शेरीफ ऑफिसचा रिपोर्ट ऑनलाइन कुठून मागवायचा, आणि दुसरीनं तिला, जिथे माझे पैसे गेले, नेमकी तीच साइट सुचवली. मग गप्प बसवेना.

आम्ही टेक्सासमध्ये राहतो, शहराच्या हद्दीबाहेर. अशा भागात शहराचे पोलीस नसतात, काउंटीचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचा, शेरीफ असतो. (मुंबईचा शेरीफ म्हणजे मानाचं पद. इथला शेरीफ लोकांनी निवडून दिलेला पोलीसप्रमुख असतो.) 8 मार्चला दुकानाच्या पार्किंगमध्ये आमच्या गाडीची काच फोडून आईची पर्स नेली. पर्समध्ये तिचा पासपोर्ट. ती मिरजेहून आलेली, 29 मार्चचं परतीचं तिकीट. पासपोर्ट चोरीला गेला की भारतीय वकिलातीकडे अर्ज करताना पोलीस रिपोर्ट जोडावाच लागतो. डेप्युटी, म्हणजे शेरीफच्या हाताखालचा पोलीस, आला, त्यानं सगळं लिहून घेतलं आणि जाताना एक पांढरं कार्ड दिलं. त्यावर निळ्या बॉलपेननं केस नंबर लिहिलेला. म्हणाला, प्रत रेकॉर्ड्स विभागातून घ्या. कार्ड मी फ्रिजवर गणपतीच्या मॅग्नेटखाली लावलं.

दुसऱ्या दिवशी रात्री अकरा वाजता, आई आत रडत असताना, मी फोनवर काउंटीचं नाव, ‘शेरीफ’ आणि ‘पोलीस रिपोर्ट’ टाकून शोधलं आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं. ती जाहिरात होती. वर बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही असतं, पण त्या वेळी कोण बघतं? साइटवर शेरीफचा तारा, झेंडा, आमच्या काउंटीचं नाव मोठ्या अक्षरात. पट्टी सरकत होती, ‘नोंदी तपासत आहोत’, आणि शेवटी हिरवी खूण: ‘1 नोंद सापडली’.

सापडली कशी? हाच प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. त्या फॉर्मनं माझं नाव विचारलं, आईचं नाव, जन्मतारीख, मिरजेचा पत्ता, तिथला फोन, चोरीला गेलेल्या पासपोर्टचा नंबरसुद्धा विचारला. फक्त केस नंबर विचारला नाही. तो फ्रिजवर माझ्यापासून चार पावलांवर होता. मी तो आणायला उठलेसुद्धा, परत येऊन रकाना शोधला, सापडला नाही, आणि मनाशी म्हटलं की यांच्या सिस्टिममध्ये नावावरून निघत असेल. ते चार पाऊल जाणं आणि येणं मला अजून रोज आठवतं. पोलिसांचा असा रिपोर्ट मागताना बहुतेक ठिकाणी आधी केस नंबर विचारतात. तो न विचारता तुमच्या बँकेच्या कार्डाचा नंबर मागणारी साइट सरकारी नसण्याचीच शक्यता जास्त. तिथेच बंद करा.

मी भोळी नाही. कंपनीत हिशेबाचं काम करते, दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासते. पण लोक आता मला ऐकवतात की सरकारी साइट ‘डॉट जीओव्ही’नं संपते, एवढंही कळलं नाही का? त्यांना सांगते, जरा चार काउंट्यांच्या शेरीफ ऑफिसांच्या खऱ्या साइट्स उघडून बघा. कितीतरी अजून ‘डॉट ऑर्ग’ आणि ‘डॉट कॉम’वर आहेत. सरकारी संस्थांना ‘डॉट जीओव्ही’ 2021 पासून फुकट मिळतं, तरी घेत नाहीत. मग माणसानं ओळखायचं कशावरून? त्यातून आपल्याला सवय काय, तर फिर्याद देणाऱ्याला एफआयआरची प्रत मोफत मिळते. मला वाटलं अमेरिका आहे, इथे पैसे पडणारच.

पैसे असे गेले. शोधण्याचा आकार 1 डॉलर. ‘तातडीची प्रक्रिया’ 29.95. ‘प्रमाणित प्रत’ 19.99. झाले 50.94. आणि खाली फिक्या करड्या अक्षरात एक चौकोन, ज्यावर मी खूण केली कारण त्याशिवाय बटण दाबलंच जात नव्हतं. त्यात लिहिलं होतं की सात दिवसांनी दरमहा 39.95 डॉलर कापले जातील. मार्च, एप्रिल, मे, जून, चार वेळा कापले गेले. स्टेटमेंटवर भलतंच नाव होतं, तीन अक्षरं आणि एक फोन नंबर. किराणा, पेट्रोल, मुलीचा पोहण्याचा क्लास यांच्यात ते मिसळून गेलं. जुलैत लक्षात आलं. आणि वापरलं होतं डेबिट कार्ड! तुम्ही ती चूक करू नका. क्रेडिट कार्डाच्या बिलावर स्टेटमेंट आल्यापासून 60 दिवसांत लेखी हरकत घेता येते, तसा 1974 चा कायदा आहे. डेबिटमध्ये पैसे आधी जातात आणि भांडण मागून सुरू होतं.

साइटनं ‘7 ते 10 कामाचे दिवस’ सांगितले होते. मी थांबले. रिपोर्ट आला नाही. आला एक ईमेल, त्यात आमच्या काउंटीच्या तुरुंगाचा पत्ता आणि आणखी एका यादीसाठी 24.95 मागितलेले. तेवढे मात्र मी दिले नाहीत. 25 मार्चला ऑफिसमधून अर्धी रजा घेऊन शेरीफच्या रेकॉर्ड्स विभागात गेले. घरापासून 11 मैल. काचेमागच्या बाईंनी केस नंबर मागितला, मी कार्ड दिलं, ओळखपत्र दाखवलं. प्रिंटरमधून चार पानं निघाली. सोळा दिवस मी ज्याची वाट बघितली ते काम नऊ मिनिटांचं होतं. 29 तारखेचं विमान अर्थातच गेलं. आई 3 मे रोजी भारतात परतली. मधल्या काळात माझ्या भाचीचं लग्न झालं, ते तिनं फोनवर बघितलं.

मी त्या बाईंना साइट दाखवली. त्यांनी वाकून बघितलीसुद्धा. म्हणाल्या, लोक नेहमी येतात हे घेऊन, पण ती आमची साइट नाही. नेहमी येतात! मग त्या काचेवर एक कागद चिकटवायला काय जातं? तुमच्या पहिल्या पानावर एक ओळ टाकायला काय जातं? तुमचा तारा, तुमच्या काउंटीचं नाव वापरून तुमच्याच नागरिकांना लुटतात आणि तुम्ही म्हणता आमचा संबंध नाही? जुलैत तिथेच फसवणुकीची तक्रार द्यायला गेले, तर डेप्युटी म्हणाला की खूण तुम्हीच केलीत, हा दिवाणी मामला आहे. कंपनीचा पत्ता दुसऱ्या राज्यातला, म्हणजे भाड्याची टपालपेटी. तिथल्या ग्राहक तक्रारींच्या खात्यानं सांगितलं, तुमच्या राज्यात तक्रार करा. इथल्या खात्याचं पत्र पाच आठवड्यांनी आलं, की आम्ही व्यक्तीची बाजू लढवत नाही. बँकेनं 159.80 तात्पुरते जमा केले, आणि वीस दिवसांनी न विचारता परत काढून घेतले, कारण कंपनीनं माझ्या त्या खुणेचा पुरावा पाठवला. चौघांनी मला तक्रार क्रमांक दिला. चार क्रमांक आहेत माझ्याकडे, पैसा एक नाही.

खरा रस्ता काय, तो सांगते, कारण तो मला एकानंही आधी सांगितला नाही. टेक्सासमध्ये सार्वजनिक माहितीचा कायदा 1973 पासून आहे. अर्ज साधा, लेखी. ईमेल, टपाल किंवा हातानं दिलेला चालतो. कारण विचारायचा त्यांना अधिकारच नाही. साध्या प्रतीला पानाला 10 सेंट, आणि खर्च 40 डॉलरच्या वर जाणार असेल तर आधी तपशीलवार अंदाज द्यावा लागतो. माहिती रोखायची असेल तर साधारणपणे 10 कामाच्या दिवसांत राज्याच्या अॅटर्नी जनरलकडे, म्हणजे मुख्य कायदा अधिकाऱ्याकडे, निर्णय मागावा लागतो. तपास चालू आहे म्हणून पूर्ण रिपोर्ट अडवला, तरी गुन्ह्याची मूलभूत माहिती द्यावीच लागते, ती मागा. आपल्याकडे दहा रुपयांचा स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज करतो, तसंच हे. दुसऱ्या राज्यात असाल तर नियम वेगळे: इलिनॉयमध्ये पहिली 50 साधी पानं फुकट, फ्लोरिडात पानाला 15 सेंट. केंद्र सरकारचा 1966 चा माहितीचा कायदा काउंटीला लागूच होत नाही, त्याच्या नावानं पैसे मागणारा खोटं बोलतोय. आणि गाडीच्या अपघाताचा रिपोर्ट हवा असेल तर टेक्सासच्या वाहतूक खात्याची स्वतःची साइट आहे, 6 डॉलर.

आधी फोन करा. नंबर डेप्युटीनं दिलेल्या कार्डावरून घ्या, शोधून आलेल्या जाहिरातीवरून नाही.

फसलाच असाल तर फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या साइटवर नोंद करा. ते एकेकाचे पैसे मिळवून देत नाहीत, पण त्या नोंदी तपास यंत्रणांना दिसतात. कार्ड बंद करून नवीन घ्या. मी तेही महिनाभर टाळलं.

पासपोर्टचा नंबर आता निकामी आहे, जुना रद्द झाला. पण आईची जन्मतारीख, मिरजेचा पत्ता आणि घरचा फोन मीच माझ्या हातानं त्यांना दिला. मागच्या रविवारी तिला एक फोन आला, तुमच्या मुलीच्या अमेरिकेतल्या केसचे पैसे भरायचे राहिलेत म्हणून. तिनं ठेवून दिला आणि मला विचारलं, ‘त्यांना आपल्या घरचा नंबर कुणी गं दिला?’ मी अजून तिला सांगितलेलं नाही.