वर्गातला ‘व्यापार’: एका जुन्या खेळाचे परीक्षण

अकरावीच्या वाणिज्य शाखेला अर्थशास्त्र शिकवताना मक्तेदारी, रोखता, गहाण, चलनवाढ हे शब्द मुले पाठ करतात आणि परीक्षा संपली की विसरतात, हा माझा दरवर्षीचा अनुभव आहे. म्हणून यंदा स्टेशनरीच्या दुकानातून फासा टाकत पटावरची शहरे विकत घेण्याच्या आणि इतरांकडून भाडे वसूल करण्याच्या ‘व्यापार’ या खेळाचे दोन संच प्रत्येकी १८० रुपयांना आणले आणि एक संपूर्ण सत्र ते वर्गात वापरले. उन्हाळ्याच्या सुटीत गच्चीवर वा माजघरात हा पट आपल्यापैकी बहुतेकांनी मांडलेला असतो. अर्थशास्त्राचे साधन म्हणून तो कितपत उपयोगी पडतो, एवढ्यापुरतेच हे परीक्षण मर्यादित आहे.

या खेळातून सर्वांत उत्तम शिकवली जाते ती रोखता, म्हणजे गरजेच्या वेळी हातात रोकड असणे. एका डावात एका विद्यार्थिनीकडे नऊ शहरांची तिकिटे होती आणि हातात जेमतेम सातशे रुपये होते. फासा पडला आणि तिची सोंगटी दुसऱ्याचे हॉटेल असलेल्या शहरावर जाऊन थांबली. भाडे भरण्यासाठी तिला चार तिकिटे निम्म्या किमतीत बँकेकडे गहाण टाकावी लागली, आणि पुढच्याच फेरीत तिघांच्या सोंगट्या नेमक्या त्या गहाण शहरांवर येऊनही नियमाप्रमाणे तिला एक पैसा भाडे मिळाले नाही. “सर, मी श्रीमंत आहे की गरीब?” असे तिने विचारले, तेव्हा मी तिला वहीत डावीकडे मालमत्ता आणि उजवीकडे देणी लिहायला सांगितली आणि खाली रोख शिलकेची वेगळी ओळ काढायला लावली. नफ्यात असलेला धंदाही रोकड आटल्यामुळे बुडू शकतो, हे मी फळ्यावर अनेक वर्षे सांगत आलो आहे. ते पटले मात्र त्या दिवशी. तेव्हापासून प्रत्येक खेळाडूने रोजमेळ, म्हणजे रोख जमा-खर्चाची नोंद, लिहिलाच पाहिजे, असा नियम मी केला आहे. खेळ त्यामुळे संथ होतो, पण रोजमेळाशिवाय तो वर्गात आणण्यात अर्थ नाही.

मक्तेदारीच्या बाबतीतही हा पट प्रामाणिक आहे, आणि त्यामागे इतिहास आहे. आपला ‘व्यापार’ ज्या मोनोपॉली या परदेशी खेळाच्या धर्तीवर बेतलेला आहे, त्याचे मूळ अमेरिकेतील एलिझाबेथ मॅगी या महिलेच्या ‘लँडलॉर्ड्स गेम’मध्ये आहे. या खेळाचे पेटंट तिला १९०४ साली मिळाले. जमिनीचा खंड हा मालकाच्या कष्टातून नव्हे तर निव्वळ मालकी हक्कातून मिळतो आणि म्हणून कर जमिनीवर बसवावा, हा अमेरिकी अर्थविचारक हेन्री जॉर्ज यांचा विचार लोकांना खेळातून समजावा, हा तिचा हेतू होता. १९३५ मध्ये मोनोपॉली विकणाऱ्या पार्कर ब्रदर्स कंपनीने तिच्या खेळाचे हक्क अवघ्या ५०० डॉलरना विकत घेतले. मक्तेदारीचे दुष्परिणाम दाखवण्यासाठी जन्मलेला खेळ पुढे मक्तेदार होण्याची शर्यत म्हणून घरोघरी पोहोचला, हे मुलांना सांगितले की वर्गात हमखास वाद रंगतो. एका रंगाची सगळी शहरे एकाच्या हाती गेल्यावर भाडे कसे चढते, हे तोवर त्यांनी स्वतः भोगलेले असते.

माझ्या संचातील नियमपत्रिकेत लिलावाचा उल्लेख नाही. मोनोपॉलीच्या मूळ नियमांत मात्र एखाद्याने जागा घेण्यास नकार दिला की बँकेने तिचा लिलाव करावयाचा असतो, आणि शिक्षकाने हा नियम आवर्जून आणावा. मी एक प्रयोग केला. एकाच शहराचा लिलाव दोनदा केला. दुसऱ्या वेळी आधी प्रत्येकाच्या हातातील रक्कम बँकेकडून दुप्पट केली. पहिल्यांदा बोली ३,४०० रुपयांवर थांबली, दुसऱ्यांदा ६,००० वर गेली. शहर तेच, त्याचे भाडेही तेच. वाढला होता तो फक्त पैसा. चलनवाढीवरचा माझा एक तास त्या दिवशी वाचला. मूळ नियमांप्रमाणे बँकेकडील नोटा संपल्या तर साध्या कागदावर रक्कम लिहून ती चलन म्हणून देता येते, आणि या एका नियमावरून कागदी चलनाच्या स्वरूपाकडे सहज वळता येते.

आता उणिवा. या पटावर मागणी नावाची गोष्टच नाही. भाडे परवडत नाही म्हणून ग्राहक शेजारच्या शहरात जाऊ शकत नाही, कारण त्याला नेणारा फासा असतो. थोडक्यात, येथील प्रत्येक ग्राहकाची मागणी संपूर्ण अलवचिक, म्हणजे किमतीनुसार न बदलणारी आहे. त्यामुळे मागणीचा नियम शिकवण्यासाठी हा खेळ वापरल्यास मुलांच्या मनात चुकीचेच चित्र ठसेल. वस्तू नाहीत, मजूर नाहीत, उत्पादन नाही. घरांना घसारा, म्हणजे वापराने होणारी किमतीतली घट, नाही. दुरुस्तीचा खर्च येतो तोही ‘चान्स’च्या तक्त्यातून, नशीब फिरले तरच. त्याच तक्त्यात लॉटरीचे बक्षीस आणि शेअर बाजारातील तोटा शेजारी शेजारी छापलेले आहेत, जणू गुंतवणूक आणि सोडत एकाच जातीच्या. पटावर संपत्ती कराचे घरही दिमाखात उभे आहे, वास्तविक १९५७ च्या कायद्याने आलेला हा कर २०१५ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला. निर्मात्यांनी पट बदलला नाही, म्हणून मी ती चूक शोधण्याचे काम मुलांनाच देतो.

वस्तू म्हणून संच सामान्य दर्जाचा आहे. नोटा पातळ असून शंभर आणि पाचशेच्या रंगांत फारसा फरक नाही, त्यामुळे बँकरकडून सुटे देताना चुका होतात. नियमपत्रिका केवळ इंग्रजीत आणि मुंगीच्या अक्षरांत आहे. पुठ्ठ्याचा पट महिनाभरात घडीवर फाटला आणि चिकटपट्टी लावावी लागली. डाव दोन तास चालतो आणि आमची तासिका पस्तीस मिनिटांची. त्यामुळे डाव अर्ध्यावर थांबवून प्रत्येकाची रोख व तिकिटे लिफाफ्यात भरून ठेवावी लागतात. या खटाटोपाची तयारी नसेल तर हे साधन घेऊ नये.

नव्या काही महागड्या संचांत नोटांऐवजी कार्ड आणि हिशेब करणारे छोटे यंत्र येते. वर्गासाठी तो संच मी घेणार नाही. हातातली गड्डी पातळ होताना दिसते, पाचशेची मोडून शंभराच्या पाच मोजून द्याव्या लागतात, तेव्हाच मुले पुढच्या भाड्याचा विचार करू लागतात. यंत्रावर बटण दाबताना तो विचार कोणी करत नाही. चार-चार जणांच्या गटांसाठी साधेच दोन-तीन संच घ्यावेत आणि पाचशेच्या नोटांवर पहिल्याच दिवशी लाल पेनाने खूण करून ठेवावी.