कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात बालविकास : दोन सेमिस्टरनंतरचा अनुभव

विषयांचा क्रम आधी ठरवा, मग नाव नोंदवा. असोसिएट टीचर परमिटला, म्हणजे लहान मुलांना शिकवण्याच्या राज्याच्या परवान्याला, बालविकासाचे १२ सेमिस्टर युनिट (क्रेडिट) लागतात, म्हणजे तीन-तीन युनिटचे चार विषय, प्रत्येकात किमान सी ग्रेड. सेमिस्टरऐवजी छोट्या सत्रांच्या, म्हणजे क्वार्टर पद्धतीच्या कॉलेजात त्याचेच १८ होतात. या दोन मोजण्यांची गफलत फार महागात पडते. शिवाय मुलांसोबत ५० दिवस, दिवसाला किमान ३ तास काम. राज्याचे रहिवासी ठरलात तर सेमिस्टर युनिटला ४६ डॉलर. वर्षभराचं वास्तव्य नसेल तर फी कित्येक पट. एच-४ व्हिसावर (एच-१बी नोकरदाराच्या जोडीदाराचा व्हिसा) शिकता येतं, पगारी नोकरीला मात्र ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, हवंच.

खरा कस लागतो ऑब्झर्वेशनच्या विषयात, आणि सगळ्यात जास्त शिकायलाही तिथेच मिळतं. रनिंग रेकॉर्डमध्ये मूल करतं तेवढंच, त्याच क्रमाने, वेळेसकट लिहायचं. ‘मुलगा रागावला’ लिहिलं की गुण गेले. ‘ठोकळा जमिनीवर आपटला, ओठ घट्ट मिटले, पाठ फिरवली’ हे चालतं. अर्थ लावायचा तो शेजारच्या रकान्यात. एकदा ‘हट्टी’ लिहून टाकलं की पुढे डोळ्यांना हट्टच दिसत राहतो. दहा मिनिटांचं निरीक्षण नीट उतरवायला तास सहज जातो, आणि दुसऱ्या दिवशी लिहिलं तर निम्मं मनाचं असतं.

चाइल्ड, फॅमिली अँड कम्युनिटी या विषयात मानसशास्त्रज्ञ ब्रॉनफेनब्रेनरची वर्तुळं (मुलाभोवती घर, शाळा, समाज असे थर) पाठ करून भागत नाही. चार वर्षांच्या नातवाला आजी भरवते. स्वावलंबनाच्या निकषावर तो मागे दिसतो, पण त्या घरात ती माया असते, उणीव नव्हे. असे दाखले निबंधात जरूर द्या, वर्गाला त्यांची गरज आहे.

प्रॅक्टिकम, म्हणजे मुलांच्या वर्गातलं प्रत्यक्ष काम, शेवटी येतं आणि बहुधा दिवसाच असतं. संध्याकाळचे वर्ग करणाऱ्यांची गाडी इथेच अडते, तेव्हा सुट्टीची सोय एक सेमिस्टर आधी करा. गोवर आणि डांग्या खोकल्याच्या लसीचा पुरावा लागतो; भारतातलं कार्ड सापडत नसेल तर गोवरासाठी रक्तातली प्रतिपिंडं तपासून घेता येतात. टीबीसाठी त्वचेवरची चाचणी टाळा. भारतात लहानपणी दिलेल्या बीसीजी लशीमुळे ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, मग एक्स-रे आणि धावपळ. रक्ताची चाचणीच मागून घ्या.