पंचमहासरोवरांचे तापमान आणि बर्फ: वर्गात वापरण्याजोगी एक ऑनलाइन सेवा

उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरांचे पृष्ठ-तापमान आणि त्यांच्यावरील बर्फाचे आवरण दाखवणारे नकाशे अमेरिकेची ‘नोआ’ ही हवामान आणि महासागरांचा अभ्यास करणारी सरकारी संस्था सर्वांसाठी विनामूल्य उपलब्ध करून देते. मुंबईतील कनिष्ठ महाविद्यालयांच्या भूगोलाच्या शिक्षकांनी ते आवर्जून वापरावेत, असे मला वाटते. कारण विहार, तुळशी आणि पवई पाहत वाढलेल्या विद्यार्थ्याला गोठणाऱ्या सरोवराची कल्पना केवळ पाठ्यपुस्तकातून येत नाही.

या सेवेचे खरे बळ वेगवेगळ्या वर्षांच्या तुलनेत आहे. बर्फाच्या नोंदी 1973 पासूनच्या आहेत. हिवाळ्यातील कमाल आवरण 1979 मध्ये सुमारे 95 टक्के होते, तर 2002 मध्ये जेमतेम 12 टक्के. 2014 मध्ये ते पुन्हा 90 च्या वर गेले आणि 2024 मध्ये 16 च्या आसपास राहिले. अशी वर्षे एकाच आलेखावर पाहिली, म्हणजे निव्वळ सरासरी सांगून किती गोष्टी झाकल्या जातात, हे विद्यार्थ्यांच्या लगेच लक्षात येते.

त्याहून उद्बोधक आहेत ईरी आणि ओंटारिओ ही शेजारची सरोवरे. ईरीची सरासरी खोली 19 मीटर, ओंटारिओची 86 मीटर. पाणी 4 अंश सेल्सियसला सर्वांत जड असल्यामुळे थंड होणारे वरचे पाणी खाली जात राहते आणि खोल सरोवरात साठलेली उष्णता संपायला फार वेळ लागतो. म्हणूनच ईरी बहुतांश गोठते तेव्हाही ओंटारिओचा मोठा भाग मोकळा असतो. तापमानाचा आणि बर्फाचा नकाशा शेजारी ठेवला, तरच हे कारण उलगडते.

एक खबरदारी मात्र हवी. मुंबईकराला जून-जुलैत जलाशयांच्या साठ्याची टक्केवारी वाचायची सवय असते, आणि ती टक्केवारी पाण्याच्या आकारमानाची असते. इथली टक्केवारी केवळ क्षेत्राची आहे. बर्फ किती जाड आहे, हे तिच्यावरून कळत नाही. शिवाय ढगांमुळे उपग्रहाला न दिसलेल्या भागासाठी आधीच्या दिवसांच्या माहितीचा आधार घेतला जातो, त्यामुळे एखाद्या दिवसाच्या बारीक फरकावरून निष्कर्ष काढणे योग्य नाही.

हे नकाशे पृष्ठभागापुरतेच आहेत. खोलीनुसार तापमान कसे बदलते, याचा छेद शिक्षकांनी फळ्यावर काढावा आणि मगच नकाशे प्रोजेक्टरवर दाखवावेत.