हवाई दल की एअरलाइन: वय, तास आणि यादीतला क्रमांक

"सर, पेपर टाकू का?" म्हणजे हवाई दलाचा राजीनामा देऊन एअरलाइनमध्ये जाऊ का? स्क्वाड्रनमधल्या एखाद्या धाकट्या सहकाऱ्याचा फोन आला की बोलणं फिरून फिरून इथेच येतं. त्यानंतरचा प्रश्न पगाराचा. मी उलट तीन गोष्टी विचारतो: वय किती, लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, एकूण तास किती, त्यातले कमांडचे, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे असलेले, किती? चौदा वर्षं फायटर उडवून मी एअरलाइनच्या उजव्या, म्हणजे सहवैमानिकाच्या, सीटवर बसलो, तेव्हा हे मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी मी आलोच असतो, पण दोन वर्षं आधी आलो असतो.

जॉइनिंगची तारीख

लष्करात हुद्दा तुमच्याबरोबर फिरतो. तळ बदलला, विमान बदललं, तरी खांद्यावरच्या पट्ट्या त्याच. बहुतेक मोठ्या एअरलाइन्समध्ये तुमच्याबरोबर राहते ती फक्त रुजू झाल्याची तारीख. तिच्यावरून सीनिऑरिटी लिस्टमध्ये क्रमांक लागतो आणि त्या क्रमांकावरून जवळजवळ सगळं ठरतं: कोणतं विमान, कोणता बेस, मुलांच्या सुट्टीत रजा मिळणार की नाही, कॅप्टन कधी होणार, आणि मंदी आली तर आधी घरी कोण बसणार. अख्ख्या स्क्वाड्रनची कमान सांभाळलेला अधिकारीसुद्धा तिथे तळाशीच लागतो, आदल्या आठवड्यात आलेल्या चोवीस वर्षांच्या मुलीच्या खाली. एअरलाइन बदलली की पुन्हा तळ. आखाती देशांत आणि आशियातल्या काही कंपन्यांत थेट कॅप्टन घेतात, पण त्यासाठी प्रवासी विमानावरचा, बहुतेकदा त्याच प्रकारच्या विमानावरचा अनुभव लागतो. नुकतंच लष्कर सोडलेल्याला त्याचा उपयोग नाही.

आता वय. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयकाओने, नोव्हेंबर २००६ मध्ये दोन वैमानिकांच्या व्यावसायिक उड्डाणांसाठीची वयोमर्यादा ६० वरून ६५ केली. तेहतिसाव्या वर्षी आलेल्याला ३२ वर्षं मिळतात, त्रेचाळिसाव्या वर्षी आलेल्याला २२. ही नुसती दहा वर्षांची वजाबाकी समजू नका. उशीर झाला की कमी होतात ती यादीच्या वरच्या टोकाची वर्षं: मोठ्या विमानाची कॅप्टनकी, सर्वांत चांगला पगार, हवं ते रोस्टर. स्टँडबायवर फोनकडे बघत बसायची सुरुवातीची वर्षं मात्र सगळ्यांना सारखीच भोगावी लागतात.

दुसऱ्या पारड्यात पेन्शन आहे, आणि ती हलकी गोष्ट नाही. लष्करी पेन्शन सरकार देतं. एअरलाइनची पेन्शन कंपनीच्या नशिबाला बांधलेली. चेस्ली सलनबर्गर यांचं नाव तुम्हाला माहीत असेलच. अमेरिकी हवाई दलात फँटम फायटर उडवून ते १९८० मध्ये एअरलाइनमध्ये गेले आणि १५ जानेवारी २००९ रोजी दोन्ही इंजिनं बंद पडलेलं विमान हडसन नदीत उतरवून त्यांनी १५५ जणांना वाचवलं. पुढच्याच महिन्यात अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे त्यांनी सांगितलं की त्यांचा पगार ४० टक्क्यांनी कापला गेला होता आणि कंपनीची पेन्शन रद्द झाली होती. साऱ्या जगाने कौतुक केलेल्या कॅप्टनची ही स्थिती. २०२० मध्ये जगभरची प्रवासी वाहतूक आदल्या वर्षाच्या जवळजवळ एक तृतीयांशावर आली आणि यादीच्या तळाचे वैमानिक सर्वांत आधी बाहेर पडले. त्या वर्षी लष्करात कुणाचा पगार थांबला नाही.

म्हणून माझा कौल सरसकट नाही. उदाहरणार्थ, अमेरिकी हवाई दलात पंख, म्हणजे वैमानिकाचा बिल्ला, मिळाल्यापासून दहा वर्षांची बांधिलकी असते आणि पेन्शन वीस वर्षांच्या सेवेनंतर लागू होते. बारा-तेरा वर्षांवर असलेला माणूस खऱ्या दुभाजकावर उभा असतो: पेन्शन अजून लांब आहे, एअरलाइनची वर्षं भरपूर आहेत. जायचं असेल तर तेव्हाच जावं. सतराव्या-अठराव्या वर्षी कुणी विचारलं तर मी थांब म्हणतो. दोन-तीन वर्षांत यादीत जेवढं हुकेल, त्याहून आयुष्यभराची पेन्शन मोठी. जिथे राखीव दलात अर्धवेळ उडता येतं, तिथे तिसरी वाट आहे: एअरलाइनमध्ये क्रमांक आजच लावायचा आणि लष्करी सेवा महिन्यातून काही दिवस चालू ठेवायची. घरच्यांची दमछाक होते, पण हिशेबाने ही वाट दोन्हींपेक्षा सरस आहे.

तासांचा हिशेब

एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलटच्या परवान्यासाठी आयकाओचा किमान निकष १५०० तासांचा आहे. त्यात ७५ तास उपकरणांच्या आधारे आणि १०० तास रात्रीचे हवेत. देशोदेशी यात फेरफार आहेत. अमेरिकेत फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोलगन एअर या कंपनीचं प्रवासी विमान पडून ५० माणसं गेली. त्यानंतर २०१३ पासून सहवैमानिकालाही १५०० तासांची अट लागली, पण लष्करी वैमानिकांना ७५० तासांवर मर्यादित परवाना मिळतो. युरोपात तेरा विषयांच्या लेखी परीक्षा आहेत आणि लष्करी अनुभवाची किती सूट द्यायची, हे त्या त्या देशाचं प्राधिकरण ठरवतं. हजारो तास उडवलेल्या माणसाने पुन्हा हवामानशास्त्राचं पुस्तक उघडायचं याचा अनेकांना राग येतो. मलाही आला होता. पण नागरी नियम आणि कामगिरीचे तक्ते आपण खरोखरच शिकलेलो नसतो, हे पहिल्या सराव परीक्षेत कळलं.

तुम्ही काय उडवलंय यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. ट्रान्सपोर्टवाल्याची वाट सर्वांत सरळ: अनेक इंजिनं, पूर्ण क्रू, लांबची रात्रीची उड्डाणं, तासही भरभर वाढलेले. त्याने फक्त एवढं पाहावं की कमांडचे तास किती, कारण सहवैमानिक म्हणून केलेल्या तासांना मुलाखतीत तेवढं वजन नसतं. फायटरवाल्याचं उलट. सॉर्टी, म्हणजे एक उड्डाण, तासा-सव्वातासाची, वर्षाला दीडशे-दोनशे तास झाले तरी पुष्कळ. मात्र त्यातला जवळजवळ प्रत्येक तास कमांडचा. दहा वर्षांनी त्याच्याकडे जेवढे तास जमतात, तेवढे एअरलाइनचा वैमानिक दोन वर्षांत करतो, कारण तिथली वार्षिक मर्यादाच युरोपात ९०० आणि अमेरिकेत १००० तासांची आहे. हेलिकॉप्टरवाल्याला सर्वांत जास्त चढ चढावा लागतो: फिरत्या पंखांचे तास काही प्रमाणात धरले जातात, पण स्थिर पंखांच्या विमानाचे ठरावीक तास वेगळे करावेच लागतात, बहुतेकदा स्वतःच्या खर्चाने.

एक बारीक गोष्ट, जी मुलाखतीच्या टेबलावरच कळते. लष्करी लॉगबुकात बऱ्याच ठिकाणी उड्डाण ते उतरणं एवढाच वेळ लिहितात. नागरी हिशेब विमान जागेवरून हललं तिथपासून ते परत येऊन थांबेपर्यंतचा. म्हणून काही एअरलाइन्स प्रत्येक सॉर्टीमागे ०.२ किंवा ०.३ तास वाढवून धरू देतात. हजार सॉर्टी असतील तर हे दोनशे-तीनशे तास झाले. अर्जात कोणता आकडा लिहायचा हे आधी विचारा, आणि वाढवलेला आकडा मूळ लॉगबुकात कधीही मिसळू नका.

दोन कॉकपिट

आता ज्याबद्दल फोनवर कुणी विचारत नाही ते सांगतो. उडवणं आवडतं म्हणून तुम्ही लष्करात गेलात, तर एअरलाइनमध्ये ते आवडेल का?

फायटरमध्ये प्रत्येक सॉर्टी वेगळी. मोहीम पार पाडण्यासाठी विमान त्याच्या मर्यादेपर्यंत न्यायचं, आणि खाली आल्यावर तासभराच्या उड्डाणाचा दोन तास डीब्रीफ. कोण चुकलं, कुठे चुकलं, हुद्दा बाजूला ठेवून स्पष्ट बोलायचं. एअरलाइनमध्ये चांगलं उड्डाण म्हणजे कालच्यासारखंच आजचं उड्डाण. तीस अंशांपेक्षा जास्त तिरकं व्हायचं नाही. उतरताना ढगात हजार फुटांवर आणि स्वच्छ हवेत पाचशे फुटांवर वेग, उतार आणि दिशा ठरल्याप्रमाणे नसेल, तर गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर जायचं. माझ्या हातात एवढी कला आहे की मी सावरून घेईन, हा विचार तिथे गुण मानत नाहीत. २७ टनांहून जड विमानांसाठी आयकाओने २००५ पासून उड्डाण-माहितीचं विश्लेषण बंधनकारक केलं आहे, त्यामुळे तुमचा प्रत्येक जरा कडक टेकलेला टायर कुठल्यातरी संगणकावर दिसतो.

मला सर्वांत जड गेलं ते वेगळंच. एकट्याच्या कॉकपिटमधून आलेला माणूस मनातल्या मनात उडवतो. सगळं दिसतं, सगळं ठरतं, तोंडातून शब्द निघत नाही. दोघांच्या कॉकपिटमध्ये न बोललेला विचार म्हणजे न झालेलं काम. "वन हंड्रेड नॉट्स", "व्ही वन", "रोटेट", "पॉझिटिव्ह रेट", "गिअर अप": उड्डाण घेताना मोठ्याने म्हणायचे हे ठरलेले मंत्र पाठ करणं सोपं आहे. अवघड आहे ते निम्मी उड्डाणं मॉनिटरिंग करत बसणं, दुसऱ्याच्या हातातलं विमान पाहणं आणि वेळेवर बोलणं. पहिल्या सिम्युलेटरमध्ये इंजिनाला आग लागल्यावर मी सगळं बरोबर केलं होतं. प्रशिक्षकाने थांबवून विचारलं, "तुमच्या शेजारी बसलेल्याला यातलं काय माहीत आहे?" मला उत्तर देता आलं नाही.

हा आग्रह पुस्तकी नाही. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफच्या धुक्यात परवानगी न मिळताच निघालेलं बोइंग ७४७ दुसऱ्या ७४७ वर आदळलं आणि ५८३ माणसं गेली. समोरचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालं आहे का, ही शंका फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती. ज्येष्ठ कॅप्टनने ती झटकली. अशा अपघातांतून १९७९ मध्ये नासाची कार्यशाळा झाली आणि क्रू रिसोर्स मॅनेजमेंटचं, म्हणजे कॉकपिटमध्ये एकमेकांशी बोलून काम करण्याचं, प्रशिक्षण सुरू झालं. हुद्द्याची सवय घेऊन आलेल्याने ते कान देऊन ऐकावं. त्याला ते दोन्ही बाजूंनी लागू होतं: वयाने लहान कॅप्टनच्या हाताखाली पडतं घ्यायचं, आणि तरीही गप्प बसायचं नाही.

लष्करातून आलेलं काहीच कामाला येत नाही असं मात्र मुळीच नाही. १७ एप्रिल २०१८ ला साउथवेस्ट या अमेरिकी एअरलाइनच्या १३८० क्रमांकाच्या उड्डाणात डावं इंजिन फुटलं, खिडकी गेली, केबिनमधली हवा निघून गेली. एका प्रवासी महिलेचा जीव गेला. बाकी सगळे सुखरूप फिलाडेल्फियाला उतरले. कॅप्टन टॅमी जो शल्ट्स नौदलात एफ-१८ उडवलेल्या, सहवैमानिक डॅरेन एलिसर हवाई दलातले. रेडिओवरचा शल्ट्स यांचा शांत आवाज पुष्कळांनी ऐकला आहे. आणीबाणीत आवाज चढू न देणं आणि आधी विमान उडवत ठेवणं, हे लष्कर हाडात भिनवतं. एअरलाइनला तुमच्याकडून हवं असतं ते हे.

घर आणि शरीर

लष्करात दर काही वर्षांनी बदली, मुलांच्या शाळा बदलणं, जोडीदाराची नोकरी अर्धवट सुटणं. एअरलाइनमध्ये घर एका जागी राहतं, पण तुम्ही त्यात नसता. पहाटे दोन ते सहा ही शरीराची सर्वांत मंद वेळ, आणि नेमक्या त्या वेळेतली ड्यूटी यादीच्या तळाच्या माणसाकडे येते. लष्करात घरच्यांना सांभाळणारी एक वसाहत असते. तुम्ही बाहेर असलात तरी शेजारची वहिनी येऊन विचारपूस करते. एअरलाइनमध्ये असं काही नाही. हे पत्नीने किंवा पतीने आधी समजून घेतलेलं बरं.

वैद्यकीय बाजू थोडक्यात: पेपर टाकण्याआधी नागरी क्लास वन तपासणी, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाची वैद्यकीय तपासणी, करून घ्या. जी-फोर्सने मान आणि पाठ धरलेली असते, इजेक्शन झालं असेल तर मणक्याचा प्रश्न असतो, कान तर सगळ्यांचेच थोडे गेलेले. लष्करात फिट असणं आणि नागरी परवान्यासाठी फिट असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग कोणी जावं? ट्रान्सपोर्टवाला, पस्तिशीच्या आत, पेन्शन अजून सात-आठ वर्षं लांब: जा, आणि लवकर जा. फायटरवाला, १५०० तासांच्या जवळ आणि डेस्कवर पोस्टिंग येऊ घातलेलं: तास पूर्ण करून मगच डेस्कचा किंवा राजीनाम्याचा विचार कर, कारण खुर्चीत बसून लॉगबुक वाढत नाही, आणि अलीकडचं उड्डाण नसेल तर भरती करणारे कचरतात. पेन्शनला दोन वर्षं राहिलेला कुणीही: थांब. आणि ज्याला प्रशिक्षक म्हणून नवीन मुलं घडवण्यात रस आहे, त्याने लष्करात राहावं असं मला मनापासून वाटतं. तो आनंद एअरलाइनमध्येही आहे, पण त्या खुर्चीपर्यंत पोहोचायला पुन्हा पंधरा वर्षं लागतात.

जायचं ठरलं तर पहिलं काम लॉगबुकाचं. प्रत्येक पान, प्रत्येक महिन्याची बेरीज, कमांडिंग ऑफिसरची सही आणि शिक्का, हे सगळं स्क्वाड्रनमध्ये असतानाच पूर्ण करून घ्या. माझ्या दोन पानांवर सही नव्हती. मी बाहेर पडलो तेव्हा ते अधिकारी निवृत्त झाले होते आणि जुन्या नोंदी दुसऱ्या तळावर गेल्या होत्या. त्या दोन सह्यांना चार महिने लागले. तेवढ्यात भरतीच्या दोन बॅचेस निघून गेल्या, आणि त्या दोन बॅचेसमधले सगळे जण आजही यादीत माझ्या वर आहेत.