मरिनर्सचा 2025 चा अख्खा सीझन, रेडिओ आणि टी-मोबाइल पार्क: माझा अनुभव

मरिनर्स म्हणजे सिएटलची बेसबॉल टीम. सिएटलला येऊन बरीच वर्षं झाली पण सुरुवातीला मी बेसबॉलच्या एकाच मॅचला गेले होते, ऑफिसच्या लोकांबरोबर, आणि चौथ्या इनिंगपर्यंत काहीच कळेना म्हणून लवकर निघाले. त्यामुळे आधीच सांगते, एक मॅच बघून आवडलं नाही असं ठरवू नका. हा खेळ मॅचचा नाहीच, सीझनचा आहे. 162 मॅचेस, मार्चच्या शेवटापासून सप्टेंबरच्या शेवटापर्यंत, जवळजवळ रोज. लहानपणी टेस्ट चालू असली की घरात रेडिओ नुसता लागलेला असायचा, भाजी निवडणं चालू, अभ्यास चालू, आणि विकेट पडली की सगळे धावत बाहेरच्या खोलीत, अगदी तसं जगायचं याच्याबरोबर.

म्हणून माझ्या मते सगळ्यात उत्तम गोष्ट म्हणजे रेडिओ. टीव्ही नाही, रेडिओच. 710 एएम गाडीत लावा, किंवा एमएलबीच्या (मेजर लीग बेसबॉल, म्हणजे इथली मुख्य लीग) ॲपवर ऑडिओचं सबस्क्रिप्शन घ्या, ते व्हिडिओपेक्षा खूप स्वस्त पडतं. बेसबॉलमध्ये दोन बॉलच्या मधे भरपूर वेळ असतो आणि चांगला कॉमेंटेटर त्या वेळात अख्खा खेळ शिकवतो. पिचर (म्हणजे बोलर) आत्ता स्लायडर, म्हणजे बाजूला वळणारा बॉल, का टाकेल, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फील्डर) दोन पावलं डावीकडे का सरकला, मला हे सगळं कुकरच्या शिट्ट्या होत असताना कळलं. मरिनर्सचे रेडिओ कॉमेंटेटर रिक रिझ होमरनला (आपल्या सिक्सरसारखा फटका) "गुडबाय बेसबॉल" म्हणतात ना, तो आवाज आमच्या घरात आता घरातल्या माणसाचा झालाय.

आणि यात बाबा सामील झाले ही माझी खरी कमाई. ते सांगलीला असतात. इथली 6:40 ची मॅच तिकडे सकाळी 7:10 ला सुरू होते, म्हणजे चहा आणि पेपरची वेळ. मी त्यांना एमएलबी टीव्ही घेऊन दिलं, भारतात सगळ्या मॅचेस दिसतात. (अमेरिकेत राहणाऱ्यांनी मात्र पैसे भरण्याआधी आपल्या भागात आपल्याच टीमच्या मॅचेस त्यात दिसतात का ते नीट वाचा, लोकल हक्कांचा घोळ असतो.) मे महिन्यापर्यंत बाबा मला फोन करून विचारायला लागले की हा कॅचर आपला किरमाणीच का गं?

तो कॅचर म्हणजे कॅल रॅले. क्रिकेटवाल्यांसाठी सांगते, कॅचर म्हणजे विकेटकीपर, पण प्रत्येक बॉलला उकिडवं बसायचं, शिवाय पिचरने काय टाकायचं तेही त्याच्याशी ठरतं. गुडघ्यांची वाट लागते. अशा माणसाने 2025 ला 60 होमरन मारले! कॅचरचा आधीचा रेकॉर्ड 48 चा होता, स्विच हिटरचा, म्हणजे दोन्ही हातांनी बॅटिंग करणाऱ्याचा, मिकी मँटलचा 54 चा 1961 पासून उभा होता, आणि आमच्या टीमचा, केन ग्रिफी ज्युनियरचा, 56 चा. तिन्ही एकाच सीझनला गेले. साठावा ज्या रात्री मारला त्याच रात्री टीमने डिव्हिजन (लीगमधला आपला गट) जिंकली, 2001 नंतर पहिल्यांदा. ऑगस्टमध्ये बाहेरगावी टीम इतकी हरत होती की मी दोन दिवस रेडिओ लावला नाही, आणि मग सप्टेंबरमध्ये 18 पैकी 17 मॅचेस जिंकल्या. मधले ते वाईट दिवस ऐकलेले असले तरच त्या 17 ची किंमत कळते.

आता पार्क. 1999 ला उघडलेलं, तेव्हा सेफको फील्ड नाव होतं, 2019 पासून टी-मोबाइल पार्क. छप्पर सरकतं पण बाजू उघड्याच राहतात, छत्री धरल्यासारखं, त्यामुळे पावसाने मॅच थांबत नाही पण थंडी पूर्ण लागते. एप्रिलमध्ये जाड जॅकेट न्याच. बाजूने रेल्वे जाते, ऐन मॅचमध्ये मालगाडीचा भोंगा वाजतो आणि मला तो फार आवडतो. महागड्या खालच्या सीट्सच्या मागे लागू नका, फर्स्ट बेसच्या बाजूला वरच्या मजल्यावर 300 च्या सेक्शनमध्ये बसा, अख्खं मैदान नकाशासारखं दिसतं, कोण फील्डर कुठे सरकतोय ते कळतं आणि समोर डाउनटाउनच्या बिल्डिंगा. आठवड्याच्या मधल्या दिवशी तिकीटही स्वस्त मिळतं.

खाण्याचं म्हणाल तर गार्लिक फ्राइज मस्त, भाजलेले नाकतोडे पण मिळतात (आमच्याकडे कोणी धाडस केलं नाही), पण घरचं खाणं आत नेऊ देतात हे बऱ्याच देशी लोकांना माहीतच नाही! आम्ही धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी नेतो. गाडी नेऊ नका. एकदा जवळच्या एका खासगी लॉटमध्ये लावली तर तिकिटापेक्षा पार्किंग महाग पडलं आणि बाहेर पडायला तास लागला. लाइट रेलने स्टेडियम स्टेशनला उतरा, दहा मिनिटं चालत, नॉर्थगेटहून मी तसंच जाते.

सीझननंतरच्या बाद फेरीतली, 10 ऑक्टोबरची डेट्रॉइटविरुद्धची पाचवी मॅच मी तिथे बसून बघितली. हरलो की घरी, अशी. त्यांचा पिचर स्कुबल याने आमचे 13 जण स्ट्राइक आउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले, मग सातव्या इनिंगला लिओ रिवासने, त्याच्या वाढदिवशी, पिंच हिटर म्हणून (ऐनवेळी दुसऱ्याच्या जागी बॅटिंगला) येऊन बरोबरी साधून दिली आणि नंतर एरवी नऊ इनिंगला संपणारी मॅच काही संपेचना, दहावी, बारावी, चौदावी, गिल्बर्ट आणि कॅस्टियो हे एरवी मॅच सुरू करणारे पिचर बुलपेनमधून (राखीव पिचरांच्या जागेतून) आले, लोक उभेच होते, माझ्या शेजारच्या आजी सत्याहत्तरपासून टीम बघतायत म्हणाल्या, म्हणजे टीम जन्मली तेव्हापासून, आणि त्यांनी माझा हात धरून ठेवला होता. पंधराव्या इनिंगला आमच्या पोलांकोने बॉल मारला आणि रन घरी आला, 3-2. पाच तास झाले होते जवळजवळ. आजी रडत होत्या, मी पण.

मग पुढच्या फेरीत टोरँटो. सातवी, शेवटची मॅच, आम्ही 3-1 ने पुढे, वर्ल्ड सिरीजला (म्हणजे फायनलला) फक्त आठ आउट बाकी आणि त्यांच्या स्प्रिंगरचा तीन रनचा होमरन. 4-3 ने हरलो. आजपर्यंत एकदाही वर्ल्ड सिरीजला न गेलेली मरिनर्स ही एकमेव टीम आहे आणि ती अजून तशीच आहे. मी स्वयंपाकघरात रेडिओ बंद केला आणि बराच वेळ तिथेच उभी होते. बाबांचा फोन आला, तेही काही बोलेनात. मग म्हणाले, "त्या कॅचरचे गुडघे आता जरा बरे होतील."

2026 च्या एप्रिलमधल्या एका होम सिरीजची तिकिटं घेतली आहेत, 300 चा सेक्शन, चार सीट्स. आई-बाबा एप्रिलमध्ये येतायत, दोघांसाठी जाड जॅकेटं घ्यायची आहेत.